चार वायल आणि एक भाता

ताई,

कागदावरच तुझ्या पायांवर डोकं ठेवते, कारण गेल्या रविवारपासून माझी कंबर मलाच विचारून मग वाकते. (का, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठड्याला धरतेस ना? भावजींना म्हणावं, खोकल्याचं औषध बाटलीवर लिहिलंय तेवढंच घ्यावं, चव आवडली म्हणून जास्त नव्हे. आमच्याकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे, म्हणजे छत जागेवर आहे.

आधी जमाखर्च मांडते, तुला सवय आहेच माझी. गेल्या आठवड्यात आमच्या पुढच्या खोलीत आलं ते असं: ऑर्गन एक (तीन तुकड्यांत), वायल चार (हे कापड नव्हे, धीर धर), वाजवणारी माणसं पाच आणि ओल्या केसांच्या बायका दहा-बारा. त्यापायी गेलं ते असं: उंबऱ्याजवळची फरशी एक, पडद्याच्या कड्या दोन, माझी दुपारची झोप आणि प्रार्थनामंडळातली निम्मी अब्रू. जमेच्या बाजूला काय धरायचं ते मात्र अजून ठरत नाही, म्हणून पत्र लांबणार आहे. चष्मा पुसून बस.

मुद्दा एवढाच, की पुढच्या महिन्यात मला चार दिवस परगावी जायचं आहे. लग्नाला नाही, आजारपणाला नाही, बाळंतपणालाही नाही. नुसतं जायचं आहे, तेही एकटीने. यांना विचारलं, तर हे 'बघू' म्हणाले. आमच्या घरातलं 'बघू' तुला ठाऊक आहे. न्हाणीघराच्या खिडकीला हे 'बघू' म्हणाले, त्याला किती वर्षं झाली देव जाणे, त्या खिडकीतून अजून शेजारचं मांजर आमच्याकडे बघतं. तुझ्याकडे मी काही मागत नाहीये, हे आधीच स्पष्ट लिहिते. फक्त हे जाण्याचं खूळ कसं शिरलं, तेवढं ऐक.

वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर तुला आठवत असतील. (तुझी दाढ त्यांनीच काढली, आणि तू तीन दिवस बोलली नाहीस म्हणून भावजींनी त्यांचे दोनदा आभार मानले.) माणूस सज्जन, पण दिवसभर तोंड उघडं ठेवून बसलेल्यांशी बोलायची सवय, त्यामुळे ते प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच मान डोलावतात. एक दिवस खाली आले आणि म्हणाले, आमच्या मंडळीकडे चार वायल आहेत आणि एक ऑर्गन आहे, ऑर्गन जिन्याच्या वळणातून वर जात नाही, तर रविवारी तुमची पुढची खोली मिळेल का? आता वायल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कापडच येणार ना? उन्हाळ्यात वायलसारखं कापड नाही, आणि हल्ली अस्सल मिळतं कुठे! मी विचारलं, साध्या आहेत की फुलांच्या? ते म्हणाले, एकीवर फुलं आहेत, बाकीच्या साध्या. मी विचारलं, रंग जातो का? ते म्हणाले, रंगाला काही होत नाही, पण दमट हवेत जरा सैल पडतात. वायल सैल पडते हे खरंच आहे, खोटं बोलत नाही हा माणूस, असं मला वाटलं आणि मी खोली दिली. हे आतून म्हणाले, दातांच्या धंद्यात भागत नसेल बिचाऱ्यांचं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवली. त्यात एवढंच: रविवारी, सहा वाजता, अर्ली म्युझिक. आता माझं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं असलं, तरी अर्ली म्हणजे लवकर हे मला कुणी शिकवायला नको. पहाटे उठून आधी देवासाठी गाणं-बजावणं करायचं आणि मग कापडविक्रीला हात घालायचा, हा क्रम मला इतका पटला की मी आमच्या प्रार्थनामंडळातल्या सगळ्या बायकांना घरोघरी जाऊन आमंत्रण दिलं. पहाटे सहाला या, न्हाऊन या, आणि येताना पर्स आणा. मंडळात माझा शब्द चालतो, हे तुला ठाऊक आहे. (चालत होता, असं आता लिहायला हवं.)

शनिवारी ऑर्गन आला. तो आणताना फरशी फुटली. ऑर्गन म्हटल्यावर मला वाटलं होतं पायपेटी असेल, पण हे म्हणजे उभं कपाट, आणि कपाटात लाकडाच्या शिट्ट्याच शिट्ट्या, करंगळीएवढीपासून माझ्या उंचीपर्यंत, मापाने लावलेल्या. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई शाळेत गणित शिकवतात, बोलतात अगदी मोजकं, जणू प्रत्येक शब्दामागे मार्क कापले जातात. मी त्यांना सोडलं नाही. ही शिट्टी एवढी मोठी तर आवाज एवढा खालचा का, पट्टी दाबल्यावर आत नेमकं काय उघडतं, हवा येते कुठून. त्यांनी एकेक शिट्टी काढून दाखवली. हवा विजेच्या मोटारीतून येते, आणि बाजूला एक भाता आणि लाकडी दांडा आहे, वीज नसेल तेव्हाचा. भात्याची घडी मी बोटाने दाबून पाहिली, तर तो हळूच सुस्कारा टाकून खाली बसला, अगदी जेवण झाल्यावर हे बसतात तसा. चार लांबोळक्या पेट्याही आल्या होत्या. त्यात कापड असणार म्हणून परक्याच्या मालाला मी हात लावला नाही. माल बराच दिसतोय, एवढंच मनात आलं.

रविवारी बायका आल्या, सगळ्या न्हालेल्या, सगळ्यांचे केस ओले, सगळ्यांच्या हातात पर्सा. प्रार्थना म्हणून झाली, पुन्हा म्हणून झाली, तरी वर काही हालचाल नाही. मंडळातल्या सर्वांत मोठ्या, म्हणजे आमच्या नियमवाल्या आजी (नियम मोडला तर त्या स्वतःलाही सोडत नाहीत), माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी यांना वर पिटाळलं. हे डॉक्टरांना घेऊनच खाली आले. डॉक्टरांच्या तोंडात ब्रश, ओठांवर फेस, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. दहा-बारा बायका बघून त्यांना फेस गिळायची वेळ आली.

"काकू, संध्याकाळी सहा," ते म्हणाले.

मी चिठ्ठी पुढे केली. "अर्ली लिहिलंय की."

"अर्ली म्हणजे जुनं, काकू. तीन-चारशे वर्षांपूर्वीचं संगीत."

"मग लवकर कुठलं," हे मागून म्हणाले, "चारशे वर्षं उशीरच झाला."

ताई, आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण यांना विनोद सुचायची वेळ कधी साधत नाही. त्यात नियमवाल्या आजींनी शांतपणे विचारलं, ते असू दे, कापड कुठंय? डॉक्टरांना काही उमजेना. शेवटी त्यांनी एक पेटी उघडली आणि माझ्या अब्रूची जी काही घडी शाबूत होती ती तिथेच विस्कटली. आत वाद्य! व्हायोल म्हणतात, पण डॉक्टर घाईत म्हणाले की वायलच ऐकू येतं. तरी कुतूहल काही मला सोडेना, मी वाकून बघतच राहिले. व्हायोलिनची मोठी चुलत बहीण म्हणावी तसं रूप, सहा तारा, गळ्यावर आडवे दोरे बांधलेले, आणि एकीच्या पोटावर खरोखरच फुलं कोरलेली. (म्हणजे ते खोटं बोलले नव्हतेच.) लहान असो की मोठी, खांद्यावर कुणीच घेत नाही, दोन गुडघ्यांमध्ये धरून बसतात, हट्टी पोराला वेणी घालायला धरावं तशी. गज धरायचा तर तळहात वर करून.

बायका उठायला लागल्या. मी दाराशी उभी राहिले. डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाले, आलात तर बसा, आमची तालीम होईल. दात दुखणाऱ्याची दया करावी तशी त्यांनी माझी केली, आणि ती मी विसरणार नाही. बाकीच्यांना त्यांनी फोन केले. डॉक्टरीणबाई वरून आल्या, औषधांच्या दुकानाचे मालक डोळे चोळत आले, डॉक्टर धरून चौथे लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ, ते जिना चढायचा नव्हता म्हणून खूश होते, आणि गणिताच्या बाई रात्रीच्या कपड्यांवर लांब कोट चढवून आल्या.

आता वाजवतील म्हटलं, तर तारा जुळेनात. एक लावली की दुसरी उतरते, दुसरी लावली की पहिली. डॉक्टरीणबाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि अतिशय नम्रपणे विचारलं, ज्यांचे केस ओले आहेत त्या भगिनी जरा खिडकीकडे बसतील का? सगळ्याच खिडकीकडे गेल्या, पडद्याच्या कड्या तेव्हा तुटल्या. पण दमट हवेचा तारांशी संबंध काय, हे विचारल्याशिवाय मला राहवलं असतं का? (तू म्हणशील, एवढं झालं तरी हिची हौस फिटली नाही.) औषधवाल्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, तारा धातूच्या नाहीत, आतड्याच्या आहेत. पण हळू सांगितलेलं नियमवाल्या आजींना हमखास ऐकू येतं. कुणाच्या आतड्याच्या, त्यांनी विचारलं. मेंढीच्या, औषधवाले म्हणाले. न्हाऊन-माखून आलेल्या बायका, पहाटेची वेळ, आणि मध्ये मेंढीची आतडी ताणून बसलेले चार सज्जन. माझी उरलेली निम्मी अब्रू जाणार हे दिसत होतं, म्हणून मीच म्हटलं, आजी, ढोलाला काय पुठ्ठा लावतात का? आजी पदर सारखा करून म्हणाल्या, मेंढी गेली ती गेलीच, निदान वाजू द्या तिला. आणि सगळ्या बसल्या.

इतकं झाल्यावर गणिताच्या बाईंनी मोटारीचं बटण दाबलं, तर मोटार ढिम्म. आमच्या गल्लीत रविवारी सकाळी तारांच्या दुरुस्तीसाठी वीज घालवतात, हे मला पाठ आहे, कारण इस्त्री मी शनिवारीच उरकते. संध्याकाळी कार्यक्रम असता तर काही प्रश्नच नव्हता. म्हणजे हेही माझ्याच अर्लीचं फळ. हे लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन आले आणि मोटार उघडून बसले. वीज नाही, मोटारीला काही झालेलं नाही, असं बाईंनी दोनदा सांगितलं, पण हे म्हणाले, उघडलीच आहे तर साफ करतो. (त्यातला एक स्क्रू अजून आमच्या साबणाच्या डबीत आहे, कुणाला सांगू नकोस.) शेवटी भाता मारायचा ठरलं. आधी यांनीच दांडा धरला, आणि सायकलच्या चाकात हवा भरावी तसा असा हाणला की एक शिट्टी आपणहून किंचाळली आणि डॉक्टरांच्या मांडीवरून गज उडाला. मग बाई माझ्याकडे वळल्या. काल हा भाता बोटाने कुणी दाबून पाहिला होता ते त्यांच्या ध्यानात असावं.

काम दिसायला सोपं आहे. दांडा खाली, दांडा वर. बाजूला दोऱ्याला एक शिशाचा गोळा लोंबतो आणि लाकडावर दोन रेघा आहेत. गोळा त्या रेघांच्या मध्ये राहिला पाहिजे. वर गेला तर हवा जास्त, खाली आला तर सूर मरगळतो. दूध उतू जाऊ द्यायचं नाही आणि आचही विझू द्यायची नाही, एवढंच. पण पहिली चार मिनिटं मी दांडा असा घाईघाईने वरखाली केला की सुरांना उचक्या लागल्या. बाई वाजवायच्या थांबल्या नाहीत, मान न वळवता म्हणाल्या, "घाई नको. कुणी बघतंय म्हणून आपण जास्त श्वास घेतो का?"

मग मी बघणाऱ्यांना सोडून दिलं आणि मनात देवाचं नाव घ्यायला लागले, रोज घेते तसं. एका नामाला दांडा खाली, एका नामाला वर. गोळा रेघांच्या मध्ये येऊन जो उभा राहिला तो राहिलाच.

आणि ताई, ते संगीत! मला त्यातलं कळतं असं मी म्हणणार नाही, पण मी सगळ्यांच्या पाठीमागे होते, त्यामुळे मला ते कापडाच्या उलट्या, शिवणीच्या बाजूने दिसलं. पुढारी कुणीच नाही. एक जण एक ओळ सुरू करतो. ती अर्ध्यावर आली की दुसरी तीच ओळ वरून सुरू करते, मग तिसरा, मग चौथा. आपण बहिणी माहेरी एकाच वेळी एकच गोष्ट सांगायचो तशी, फक्त इथे कुणी कुणाला तोडत नाही आणि 'तुला काही आठवत नाही' असं म्हणत नाही. सगळे आपापलं बोलतात आणि शेवटी नेमके एकाच शब्दावर येऊन थांबतात. कसे येतात? मी अजून विचार करते आहे. आवाज मोठा नाही, भरजरी नाही, बंद दाराआड घरातली माणसं बोलत असावीत तसा. त्यांच्या खालून ऑर्गन, आणि ऑर्गनच्या खालून मी. मी थांबले तर सगळं थांबेल, हे मला एका कडव्यात कळलं. घरातही ते खरंच आहे म्हणा, पण घरात त्याला कुणी मान डोलावत नाही.

झाल्यावर नियमवाल्या आजींनी विचारलं, यात देवाचं नाव कुठे येतं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात शब्दच नाहीत. आजी म्हणाल्या, हे बरं, म्हणजे उच्चार चुकायची भीती नाही. आणि त्यांनी शेवटचं पुन्हा वाजवायला लावलं. जाताना दोघी-तिघींनी मला, कापड कधी येणार आहे, असं विचारलंच.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे खरी ऐकणारी मंडळी आली, वीजही आली. मी मागच्या दारात पाण्याचे पेले भरत होते. पहिलं वाजवून झालं आणि गणिताच्या बाईंनी मोटारीचं बटण बंद केलं. लोकांना म्हणाल्या, मोटार गुणगुणते, ती या संगीतात नाही. आणि माझ्याकडे पाहिलं. मी पदराला हात पुसले आणि दांड्याशी जाऊन उभी राहिले. कंबर तेव्हा गेली. पण एकदाही गोळा रेघेबाहेर गेला नाही, हे मी तुला सांगणार नाही तर कुणाला सांगणार?

आता ते परगावचं. तिथल्या एका जुन्या सभागृहात भिंतीएवढा ऑर्गन आहे आणि त्याची मोटार जळली आहे. या मंडळींना तिथे वाजवायला बोलावलं आहे, चार दिवसांसाठी. भाते तिथे भिंतीमागच्या वेगळ्या खोलीत आहेत आणि ते पायाने दाबायचे, उभं राहून, एकानंतर एक. आतून काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. बाईंनी मला एवढंच विचारलं, "याल?" तेव्हापासून भांडी घासताना माझा पाय आपोआप वरखाली होतो. इथे हाताला एवढीशी हवा लागली, तर भिंतीएवढ्या ऑर्गनला किती लागत असेल? ती पायाखाली कशी वाटत असेल, जड की हलकी? सूर भिंतीपलीकडे जाताना आपल्याकडे मागे काही ठेवून जातो का? हे मला कळून घ्यायचं आहे. याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही, आणि यांना सांगायला हे कारण फार लहान आहे. यांनी 'बघू' म्हटलं आणि पेपर वर केला.

असो. जायचं की नाही, ते देव ठरवील. तू चिंता करू नकोस आणि गुडघ्याला शेक घे. भाचीला अनेक आशीर्वाद, भावजींना नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. वर मी काही मागत नाही असं लिहिलं, ते लिहिताना खरं होतं. आता पत्र वाचून पाहिल्यावर वाटतं, की त्या चार दिवसांत तू इथे राहायला आलीस तर? यांना चहा येत नाही, म्हणजे येतो, पण त्यानंतर स्वयंपाकघर ओळखू येत नाही. तू घरात असलीस की यांना 'बघू' म्हणायला कारण उरणार नाही. तुम्हा दोघांचं पटत नाही हे ठाऊक आहे, पण चार दिवस न बोलता काढता येतात, दाढेच्या वेळी तू तीन काढलेसच.

पुन्हा ता. क. वरची विनंती रद्द समज, येऊ नकोस. पाकिटाला गोंद लावत होते तेवढ्यात हे आले आणि घसा खाकरून म्हणाले, "तिथे वाजवताना पानं उलटायला कुणी लागतं का?" कळलं का तुला? हे 'बघू' म्हणाले आणि खरंच बघत होते! कोट इस्त्रीला देऊन आलेत. डॉक्टरांना गाठून गाडीची वेळ विचारून आलेत. स्क्रूड्रायव्हरही घेऊ म्हणतात, जळलेली मोटार एकदा उघडून बघायला. ताई, माणूस प्रेमाने येतो म्हणाला तर नको कसं म्हणायचं? मी 'बघू' म्हणाले. पण हे आले तर त्या भिंतीमागे माझ्याशेजारी उभे राहतील, भाता कसा दाबायचा ते मला समजावतील आणि मध्येच रुमाल कुठे ठेवलास असं विचारतील. मला ते चार दिवस नुसती हवा ऐकायची आहे. तेव्हा तू एवढंच कर: ताबडतोब यांना पत्र लिही, की घरातला नळ बिघडला आहे, इथल्या माणसांना जमत नाही, तुम्हीच या. नळ म्हटलं की हे कोट तिथेच टाकून धावतील. मात्र खोटं लिहू नकोस, ते पाप मला माझ्या नावावर नको. आधी नळ मोड, मग लिही. तुझ्याने मोडवत नसेल तर भावजींना दुरुस्त करायला सांग, म्हणजे आपोआप मोडेल. मोडला की उलट टपाली कळव.